मरणाआधीची खबर

भिंतीवर सैतानाचं भलंमोठं हिरवं तोंड कोरलेलं आहे. जबडा सताड उघडा आणि आत मिट्ट काळोख. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणीतरी उतावीळ निघतोच आणि म्हणतो, "मी आत शिरतो." डंजन मास्टर समोरच्या पुस्तिकेवर नजर टाकतो आणि सांगतो, की तो गेला. जखमी झाला नाही, बेशुद्ध पडला नाही, मुळापासून नाहीसा झाला. बचावासाठी फासा टाकायचीही सोय नाही. महिनोन्‌महिने जपलेलं, वाढवलेलं पात्र एका वाक्यात संपतं.

हे तोंड 'टूम ऑफ हॉरर्स' या साहसातलं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते आणि टीएसआर ही प्रकाशनसंस्था. खेळाडू एकेक पात्र घेतात, डंजन मास्टर त्यांच्यापुढे जग उभं करतो आणि काय घडलं याचा निकाल फासे लावतात. प्रत्येक मास्टरला दर आठवड्याला नवं भुयार रचणं जमत नाही, म्हणून तयार साहसं छापली जाऊ लागली. त्यांना मॉड्यूल म्हणत. 'टूम ऑफ हॉरर्स' १९७८ साली छापून आलं आणि तेव्हापासून 'कठीण साहस' म्हटलं की पहिलं नाव त्याचंच निघतं. ते थोर आहे की निव्वळ क्रूर, हा वाद अजून मिटलेला नाही.

तो वाद मिटत नाही, कारण छापील साहस पारखायचं कशावर हेच ठरलेलं नसतं. ती कादंबरी नव्हे, पण नुसता नियमांचा संचही नव्हे. नाटकाच्या संहितेशी त्याचं नातं जवळचं. संहिता वाचून काही अंदाज बांधता येतो, पण खरं काय ते प्रयोगात कळतं. इथे तर नटांना संहिता वाचायची बंदी असते आणि प्रत्येक प्रयोगात ते आपापले संवाद जागीच रचतात. कठीण साहसाच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. खेळाडू हरले तर दोष कुणाचा? त्यांचा, मास्टरचा, फाशांचा की लिहिणाऱ्याचा?

गायगॅक्सच्या भुयाराचा जन्म लक्षात घेतला तर अर्धा वाद सुटतो. ते मुळात १९७५ साली बाल्टिमोरमध्ये भरलेल्या पहिल्या 'ओरिजिन्स' संमेलनातल्या स्पर्धेसाठी वापरलं गेलं. स्पर्धेत पात्रं आयती मिळत, वेळ ठरलेला असे आणि कोण किती खोलवर पोचतं यावर चुरस लागे. घरी येणाऱ्या तरबेज खेळाडूंना, आपली पात्रं कशालाही पुरून उरतील असं म्हणणाऱ्यांना, जमिनीवर आणायचं हाही गायगॅक्सचा हेतू होता आणि तो त्यानं लपवला नाही. स्पर्धेत आयतं पात्र गमावणं वेगळं आणि दोन वर्षं वाढवलेलं पात्र गमावणं वेगळं. मजकूर मात्र तोच राहिला आणि दिवाणखान्यातल्या टेबलांवर जाऊन पोचला. पुस्तिकेच्या सुरुवातीलाच मास्टरला बजावलेलं आहे, की हे डोकं चालवणाऱ्यांचं साहस आहे आणि नुसती तलवार परजायला येणाऱ्या मंडळींना ते रुचणार नाही. हा इशारा मास्टरपर्यंत पोचतो. खेळाडूंपर्यंत पोचवायचा की नाही, हे त्याच्यावर सोडलेलं.

मग हिरवं तोंड अन्यायी आहे का? घाईनं होकार देण्याआधी त्याच्या अलीकडची वाट पाहायला हवी. टेकडीत शिरायला तीन तोंडं आहेत. दोन फसवी, एक खरं. खऱ्या बोगद्याच्या भिंती रंगीत चित्रांनी भरलेल्या आहेत आणि फरशीवरून लाल दगडांची नागमोडी वाट पुढे जाते. त्या वाटेत अक्षरं दडलेली आहेत. भुयाराचा धनी असेरेरॅक, म्हणजे मेल्यावरही टिकून राहिलेला मांत्रिक, त्यानं स्वतःच एक कोडं कोरून ठेवलं आहे. जमेल तोवर हिरव्यापासून दूर राहा, असा इशारा त्यात येतो. म्हणजे उडी मारणाऱ्याला खबर मिळालेली होती. ती कोड्यात गुंडाळलेली होती आणि तिच्यावर विसंबायचं की नाही हे त्याला ठरवायचं होतं. हातातली काठी आधी आत सरकवून बघायला कुणाची ना नव्हती. काठीचं टोक गायब झालं असतं आणि उत्तर मिळालं असतं.

शेवट मात्र वेगळा. असेरेरॅकची फक्त कवटी उरली आहे, डोळ्यांच्या खोबणीत आणि दातांच्या जागी रत्नं. तिला हात लावला की ती उठते आणि एकेकाचा आत्मा ओढून घेते. तिला इजा करणारे उपाय मोजकेच आहेत, काही ठरावीक मंत्र आणि शस्त्रं, आणि त्यांची यादी मास्टरच्या पुस्तिकेत आहे. खेळाडूंना ती कळावी अशी एकही जागा त्या भुयारात नाही. शिलालेख नाही, जुना ग्रंथ नाही, आधी मेलेल्या कुणाचं टिपण नाही. शहाणा खेळाडूही इथे अंधारात चाचपडतो. गायगॅक्सच्या वर्तुळातल्या रॉब कुंट्झनं आपल्या रोबिलार या पात्रासह हे भुयार पार केलं, तो किस्सा प्रसिद्ध आहे. त्यानं ऑर्क जातीचे नोकर पुढे घातले, सापळ्यांत ते एकेक करून गेले आणि शेवटी कवटी उठताच हाती लागेल तो खजिना पिशवीत कोंबून त्यानं पळ काढला. सर्वांत नावाजलेला विजय म्हणजे लढाई टाळण्याचा. पळणं हे इथे उत्तम उत्तर होतं, यात वाईट काही नाही. पण लढायचं ठरवणाऱ्यासाठी दारच ठेवलेलं नाही, ही त्रुटी आहेच.

कठीण साहसाची खरी कसोटी इथे सापडते. किती पात्रं मेली हा आकडा फारसं काही सांगत नाही. मरण्याआधी खेळाडूला काय कळू शकत होतं आणि ते कळावं म्हणून पुस्तकानं मास्टरच्या हाती काय दिलं, हे पाहावं लागतं. हरलेला खेळाडू घरी जाताना "तिथे आपण थांबायला हवं होतं" असं म्हणत असेल, तर साहसानं आपलं काम केलं. त्याला कुठे थांबायचं होतं हेच सापडत नसेल, तर त्या मरणातून तो काहीच शिकला नाही.

गंमत अशी, की मोजमापाचे बहुतेक प्रयत्न दुसऱ्याच दिशेनं गेले. इंग्लंडमध्ये 'व्हाइट ड्वार्फ' मासिक १९७७ साली सुरू झालं आणि पहिल्या अंकांतच डॉन टर्नबुल यांनी 'मॉन्स्टरमार्क' ही पद्धत मांडली. एखादा ठरावीक योद्धा एखाद्या राक्षसाला मारेपर्यंत राक्षस त्याला सरासरी किती जखमा करील, याचं गणित. विष, मंत्र, उडणं असल्या खास शक्तींसाठी त्यावर वाढीव गुण. त्या काळात हे काम कौतुकाचं होतं. खेळाची तिसरी आवृत्ती २००० साली आली तेव्हा हाच विचार 'चॅलेंज रेटिंग' या नावानं नियमात शिरला: चार जणांच्या चमूला आपल्या पातळीच्या शत्रूशी लढताना शिदोरीचा साधारण पाचवा हिस्सा खर्च करावा लागेल. शिदोरी म्हणजे मंत्र, औषधं आणि अंगातली ताकद. २०१४च्या पाचव्या आवृत्तीनं दिवसाकाठी मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ लढती गृहीत धरल्या. प्रत्यक्षात पुष्कळ टेबलांवर दिवसाला एक-दोनच लढती होतात, आणि मग ताजेतवाने वीर राक्षसाला चुटकीसरशी लोळवतात. २०२४च्या मार्गदर्शक ग्रंथातून दिवसभराचा हा हिशेब काढूनच टाकला गेला.

आकडे टाकाऊ नाहीत. 'पाथफाइंडर' या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतलं गणित तर बरंच भरवशाचं आहे. तिथे मध्यम लढतीला ८० गुणांचा खर्च धरतात आणि अतितीव्र लढतीला १६०. अतितीव्र म्हटलेली लढत खरोखरच जिवावर बेतते. पण या सगळ्या पद्धती लढत सुरू झाल्यानंतरची मोजदाद करतात. लढायचं की नाही, केव्हा, कुठल्या दारानं, कुणाला फितवून, हे सगळं आकड्याबाहेर राहतं. साहसाची खुमारी तिथेच असते.

दोन पुस्तकं शेजारी ठेवली की फरक नीट दिसतो. दोन्ही २०१४ची, दोन्ही पाचव्या आवृत्तीची पहिली पावलं. 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' नवख्यांच्या पेटीत आलं. पहिल्याच प्रसंगात रस्त्यावर मेलेले घोडे दिसतात आणि झाडीतून चार गॉब्लिन हल्ला करतात. पहिल्या पातळीची पात्रं इतकी नाजूक असतात, की दोन-तीन फासे उलटे पडले तर सगळा चमू आडवा होतो, आणि तसं झाल्याच्या कहाण्या खेळाडू आजही सांगतात. पण त्या पानावर पराभवाची तरतूद आहे. गॉब्लिन जिंकले तर ते वीरांना बेशुद्ध सोडून, लुटून निघून जातात. वीर गावात पोचतात, नवं सामान घेतात आणि माग काढत परत येतात. पुढच्या गुहेत क्लार्ग नावाचा दांडगा म्होरक्या आहे, एका फटक्यात माणूस मारणारा. पण त्याचाच हाताखालचा यीमिक बंदिवानाला ओलीस धरून सौदा मांडतो: क्लार्गला संपवा, बंदी घेऊन जा. पुढे एका उजाड खेड्यात हिरवा ड्रॅगन आहे, वीरांच्या आवाक्याबाहेरचा. त्याच खेड्यात राहणारा एक ड्रुइड त्यांना आधीच सावध करू शकतो. धोका मोठा आहे, पण प्रत्येक ठिकाणी काही ना काही खबर आहे आणि हरल्यावरही गोष्ट पुढे सरकते.

'होर्ड ऑफ द ड्रॅगन क्वीन'चा पहिला अध्याय या उलट. ग्रीनेस्ट हे गाव जळतंय, वर प्रौढ निळा ड्रॅगन घिरट्या घालतोय आणि पहिल्या पातळीचे वीर रात्रभर एकामागून एक कामगिऱ्यांवर धावताहेत. विश्रांतीला उसंत नाही. रात्रीच्या अखेरीस सायनरॅथ हा अर्धड्रॅगन सेनानी ओलीस धरलेल्या गावकऱ्यांच्या बदल्यात द्वंद्वाचं आव्हान देतो. त्यात पुढे होणाऱ्याचं हरणं जवळपास ठरलेलं असतं. शूर खेळाडूनं पुढे व्हावं म्हणून प्रसंग रचायचा आणि त्याच्या शौर्याला दगडावर आपटायचं, ही रचना फसलेली आहे. सायनरॅथ पुढे पुन्हा भेटतो तेव्हा सूड घेण्याची गोडी लागते, हे खरं. तरी पहिल्याच बैठकीला नवख्यावर ही पाळी यावी, हे पटत नाही. लेखक वोल्फगँग बाऊर आणि स्टीव्ह विंटर अनुभवी होते. ते लिहीत असताना आवृत्तीचे नियम अजून घडत होते, याची झळ पुस्तकाला बसली. पुढे हे साहस आणि त्याचा उत्तरार्ध एकत्र करून सुधारून काढावे लागले. परीक्षणात अशी कारणं नोंदवली पाहिजेत, पण टेबलावर बसलेल्या मुलीचं पात्र मेलं त्याची भरपाई कारणांनी होत नाही.

जुन्या मंडळींना समतोलाची फिकीर कमी होती आणि नकाशाची जास्त. गायगॅक्सचंच 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' नवख्यांच्या पेटीतून लाखो घरांत गेलं. तिथल्या दरीत वेगवेगळ्या जमातींच्या गुहा आहेत. गॉब्लिन संकटात सापडले की पैशांची थैली टाकून शेजारच्या ओगरला मदतीला बोलावतात. ओगर पैशाचा मिंधा आहे हे ज्याला उमगलं, त्याच्या हातात किल्ली आली. १९७९ साली जेनेल जॅक्वेज यांनी 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' लिहिलं. त्या भुयारात शिरायला अनेक वाटा, मजल्यांना जोडणारे अनेक जिने, काही थेट खोलवर नेणारे. एका बाजूनं हरलेला चमू दुसऱ्या बाजूनं येऊ शकतो. अशा रचनेला खेळाच्या जगात जॅक्वेज यांचंच नाव चिकटलं आहे. एकाच बोळातून पुढे ढकलणाऱ्या साहसात एक अशक्य लढत म्हणजे भिंत. अनेक वाटांच्या साहसात तीच लढत म्हणजे वळसा घालायची जागा. २०००च्या 'फोर्ज ऑफ फ्यूरी'मधला रोपर हा दगडासारखा दिसणारा राक्षस वीरांच्या पातळीच्या कितीतरी वरचा होता आणि त्यावरून बराच गहजब झाला. तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांत तर शंभरातल्या पाच लढती झेपणार नाहीत अशा असाव्यात, असं लिहूनच ठेवलं होतं. लोकांनी चॅलेंज रेटिंग वाचलं होतं, ही ओळ वाचली नव्हती.

या बाबतीत सर्वांत शिकण्यासारखी एकच जागा निवडायची तर ती २०१६च्या 'कर्स ऑफ स्ट्राड'मधली पवनचक्की. पुस्तकाचं मूळ ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांच्या १९८३च्या 'रेव्हनलॉफ्ट'मध्ये आहे. धुक्यानं वेढलेल्या बरोव्हिया खोऱ्यात पहिल्या गावाकडून वल्लाकी शहराकडे जाताना एक मोडकळीला आलेली चक्की लागते. आत तीन चेटकिणी राहतात. तिघी एकत्र असल्यानं त्यांची शक्ती आणखी वाढते, आणि इतक्या लवकर तिथे घुसणारे वीर सहसा परत येत नाहीत. नुसत्या गणितानं पाहिलं तर ही भयानक चूक. पण वीर गावात असतानाच मोर्गान्था नावाची म्हातारी गाडी ढकलत खाऊ विकताना दिसते. एका घरातून ती मोबदल्यात मूल उचलून नेते. मग ती कुठे राहते हे शोधणाऱ्यांना चक्की सापडते, दाराच्या वर तुळईवर एक कावळा बसलेला असतो आणि तो बेचैन होऊन ओरडतो, उड्या मारतो. लेखकांनी मास्टरला वाचून दाखवायला दिलेल्या मजकुरातच हा कावळा घातला आहे, म्हणजे विसरायची सोय नाही. अभ्यास न केलेल्या, थकलेल्या मास्टरच्या टेबलावरही खबर पोचते. खेळाडू तरीही आत जातात, कारण मूल आत आहे. आता जे घडेल ती त्यांची निवड असते आणि म्हणून शोकांतिका असते. हिरव्या तोंडातली उडी आणि चक्कीतलं पाऊल, दोन्हींचा निकाल सारखाच लागू शकतो, पण एकीची आठवण चिडून निघते आणि दुसऱ्याची वर्षानुवर्षं सांगितली जाते.

असेरेरॅक स्वतः २०१७ साली परतला, 'टूम ऑफ अ‍ॅनायलेशन'मध्ये. इथला सापळा काळाचा आहे. शापामुळे मेलेल्यांना जिवंत करता येत नाही आणि ज्या बाईनं वीरांना धाडलं ती दिवसागणिक झिजते आहे. ज्यांना आणखी झणझणीत हवं त्यांच्यासाठी मरणाच्या दारातून परतण्याचा फासा दहाऐवजी पंधराचा करायचा पर्यायही छापला आहे. शेवटचं थडगं उत्तम आहे. विदर्स नावाचा मृत मुकादम सापळे दुरुस्त करतो, म्हणजे शेकडो वर्षं ते चालतात कसे याला उत्तर आहे. पण त्याआधीचं चल्टचं जंगल सावकाश, कोपरान्‌कोपरा धुंडाळण्यासाठी लिहिलेलं आहे आणि घड्याळ म्हणतं पळा. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या पायात येतात. हा दोष वाचताना जाणवत नाही. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला, सुंदर अवशेष दिसूनही चमू वळून बघत नाही तेव्हा जाणवतो.

म्हणूनच न खेळता लिहिलेल्या परीक्षणांवर किती विसंबायचं हा प्रश्न उरतो. 'कर्स ऑफ स्ट्राड' अडीचशेहून अधिक पानांचं आहे, ते खेळायला वर्ष सहज जातं. परीक्षण मात्र पुस्तक बाजारात आल्याच्या आठवड्यात हवं असतं. 'डंजन' मासिकानं २००४ साली तीस सर्वश्रेष्ठ साहसांची यादी केली. 'क्वीन ऑफ द स्पायडर्स' पहिलं, 'रेव्हनलॉफ्ट' दुसरं आणि 'टूम ऑफ हॉरर्स' तिसरं. ही दशकांच्या खेळण्यातून आलेली पसंती होती आणि तिच्यात आठवणींचा गोडवाही मिसळलेला होता. वाचून लिहिणाऱ्यालाही काही गोष्टी तपासता येतात: इशारा कुठल्या पानावर आहे, मास्टरला तो ऐनवेळी सापडेल का, पराभवानंतर काय याला दोन ओळी दिल्या आहेत का. गॅव्हिन नॉर्मन यांच्या 'द होल इन द ओक'सारख्या लहान साहसांत खोलीचं वर्णन ठळक शब्दांत, तुकड्यांत दिलेलं असतं, नजर टाकताच सापडावं असं. कठीण साहसात अशी मांडणी म्हणजे नुसती देखणी छपाई नव्हे. लांबलचक परिच्छेदात पुरलेला इशारा मास्टरच्या नजरेतून सुटला, तर खेळाडूच्या लेखी तो लिहिलाच गेला नव्हता.

मराठीत हा खेळ मांडायचा झाला तर आणखी एक अडचण उभी राहते. असेरेरॅकचं कोडं इंग्रजी पद्यात आहे. ते जसंच्या तसं वाचून दाखवलं तर कठीणपणा भाषेचा होतो, भुयाराचा नाही. सरळ अर्थ सांगितला तर कोडं उरत नाही. मास्टरला ते ओवीसारखं नव्यानं बांधावं लागेल, हिरव्याचा इशारा त्यात दडवून, आणि ही मेहनत कुठल्याही चॅलेंज रेटिंगमध्ये धरलेली नसते. २०२२च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल'मध्ये कोलकात्याच्या मिमी मोंडल यांनी बंगालच्या मातीतून उभं केलेलं मणिवर्षाचं साहस आहे. तिथे नद्या, वनं, देवता भारतीय वाचकाला अनोळखी वाटत नाहीत, आणि ओळखीच्या जगात इशारे लवकर उमगतात. परक्या जगात जे कोडं असतं ते इथे सहज बोलण्यातून कळू शकतं.

'टूम ऑफ हॉरर्स'मध्ये खऱ्या थडग्याच्या अलीकडे एक खोटं थडगं आहे. तिथला बनावट मांत्रिक मारला गेला, की भुयार हादरतंय, छत कोसळतंय असं सांगून मास्टरनं दहापासून उलटे आकडे मोजायचे, अशी सूचना गायगॅक्सनं लिहून ठेवली आहे. घाबरून खेळाडू बाहेर पळाले, तर त्यांना विचारायचं, की भुयार फार कठीण वाटलं का. ते हसत, दमलेल्या आवाजात उत्तर देतात, कुणी तक्रार करतो, कुणी कौतुक. त्या वेळी कवटी खाली तशीच, रत्नांच्या डोळ्यांनी वाट बघत पडलेली असते.